आजारातलं किती सांगायचं, ते तुम्हीच ठरवा

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत स्थिर आहे, कामावर रोज जातो. मानसिक आजारातून सावरलेल्यांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण होणार आहे, तुम्ही जाच, असं आमच्या समुपदेशक मॅडम म्हणतात. आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, धाकटीचं लग्न व्हायचंय. मी दहावी नापास, माइक कधी हातात धरला नाही. जाऊ का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : दादा, जा. पण आईंची काळजी खोटी नाही. आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलीच्या भावाचीही चौकशी होते, हे मलाही माहीत आहे. मला बायपोलर हा मनाचा आजार आहे, माझ्या लग्नाच्या वेळी घरात हीच चर्चा झाली होती.

म्हणून चांगल्या शिबिरात आधी हेच शिकवतात की आपली गोष्ट आपल्या मालकीची आहे. एक कागद घेऊन त्यावर तीन रकाने पाडायचे : कुणालाही सांगेन ते, फक्त गटात सांगेन ते आणि कुणालाच सांगणार नाही ते. तुम्ही खडूची खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही ना? तसंच. आजाराचं नाव न घेताही नेतृत्व करता येतं. लोकांना रडवणारं भाषण घोटून घेणारी शिबिरं मला मुळीच पटत नाहीत. त्यात टाळ्या मिळतात आणि माणूस घरी जाऊन रात्रभर जागतो.

माइकची भीती सोडा. खरं काम गोल करून बसल्यावर असतं. मानसिक आजार असलेल्यांच्या आमच्या गटात विड्या वळणारी एक बाई येते. पहिल्या दिवशी ती मराठीत नुसतं ‘बरंय’ म्हणाली. शेजारच्या बाईनं तिला तेलुगूत विचारलं, रात्र कशी काढतेस? मग ती बोलत राहिली. हाताची बोटं विडी वळल्यासारखी पदराशी चालूच होती. मध्ये कुणी तोडलं नाही, कुणी उपाय सांगितला नाही. त्या दिवशी गट त्या शेजारणीनं चालवला, आणि ती चौथी शिकलेली आहे. तुम्हालाही तेलुगू येत असेल तर ते तुमचं मोठं बळ समजा. सोलापुरात कितीतरी माणसं दुःख तेलुगूत नाहीतर कन्नडमध्येच सांगू शकतात.

शिबिरात मर्यादाही शिकून घ्या. दुसऱ्याच्या गोळ्यांबद्दल सल्ला द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा विषय. कुणी जीव द्यायचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरचं माणूस बोलवायचं, डॉक्टर गाठायचे. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि स्वतःसाठीही लिहून ठेवायचं : आपला तोल जायला लागला की आधी काय बिघडतं, तेव्हा गट कुणी सांभाळायचा. माझी झोप कमी होते. माझ्या सहकारणीला ते ठाऊक आहे, ती सरळ माझ्याकडून गटाची वही काढून घेते.

हे सगळं कशासाठी, तर निर्णय होतात तिथे आपलं माणूस बसावं म्हणून. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं नेमायला सांगितलं आहे. सक्तीनं भरती झाली, हक्क डावलला, तर रुग्ण तिथे दाद मागू शकतो. मंडळात न्यायाधीश, डॉक्टर यांच्याबरोबर दोन जागा रुग्ण, त्यांचे काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थांसाठी आहेत. त्या जागी आजार भोगलेलं माणूस हवं. वॉर्डात बाहेरून कडी लागते तेव्हा काय वाटतं, हे त्यालाच नीट सांगता येईल.

आईंना हेही सांगा : याच कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे, मोजके अपवाद सोडून. शिबिरवाल्यांना मात्र तुम्हीच विचारायला हवं. फोटो काढणार का, ते व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार का? नको असेल तर फॉर्मवरच ‘फोटो नको’ असं लिहून सही करा. बुडालेल्या हजेरीचे आणि प्रवासाचे पैसे मिळणार का, हेही विचारा, त्यात संकोच नको. आणि नाव देण्याआधी आईंना एकदा मॅडमकडे घेऊन जा, त्यांच्या शंका त्यांना स्वतःच विचारू द्या.