ईमेल पत्त्यावरून माणूस शोधताना

प्रश्न : एका जुन्या सहकाऱ्याचा केवळ ईमेल पत्ता माझ्याकडे आहे. त्यावरून त्यांची समाजमाध्यमांवरील खाती सापडू शकतील का?

उत्तर : काही प्रमाणात सापडू शकतील. फेसबुकच्या शोधपेटीत पूर्वी ईमेल टाकूनही माणूस शोधता येत असे. परंतु त्या सोयीचा गैरवापर करून लोकांची माहिती उपसली गेल्याचे उघड झाल्यावर कंपनीने एप्रिल २०१८मध्ये ती बंद केली आणि ते योग्यच झाले.

आता संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावा. त्याहून उपयोगी पडतो तो पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हाच्या आधीचा भाग, कारण पुष्कळ लोक तेच नाव इन्स्टाग्राम किंवा एक्सवरही वापरतात. मात्र नाव जुळले म्हणजे माणूस तोच असे नव्हे. छायाचित्र आणि नोकरीचा तपशील पडताळल्याशिवाय संदेश पाठवू नये.

‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर त्यांचा पत्ता टाकून खाते आहे का, हे कृपया तपासू नका. त्यांना अचानक सूचना जाते आणि कुणी खाते बळकावत असल्याची धास्ती बसते. पत्ता चालू असल्यास, जुनी ओळख सांगून त्यांनाच दोन ओळींचा ईमेल लिहावा.