जहाजाच्या इंजिन रूममध्ये आग विझवणारी कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा असताना फायर डॅम्पर (हवेचा मार्ग बंद करणाऱ्या पात्यांच्या झडपा) कशासाठी लागतात?

सोलास (समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनुसार इंजिन रूमसाठीच्या कार्बन डायऑक्साइडपैकी 85 टक्के वायू 2 मिनिटांत आत पोहोचावा लागतो. परंतु पंखे चालू राहिले किंवा वायुवीजन मार्गातील डॅम्पर उघडे राहिले, तर तो बाहेर निसटतो, ताजी हवा आगीला मिळत राहते आणि पुन्हा सोडायला दुसरा साठा बहुधा नसतो. म्हणून आधी सर्व माणसे बाहेर आल्याची खात्री करून (हा वायू माणसालाही गुदमरवतो), पंखे थांबवून आणि डॅम्पर बंद करूनच तो सोडतात. इमारतीत अग्निरोधक भिंत ओलांडणाऱ्या डक्टमधील डॅम्पर, उष्णतेने वितळणारी कडी तुटताच, आपोआप मिटतो. जहाजावर मात्र खाऱ्या हवेने गंजून अडकलेली पाती हाच माझ्या मते मोठा धोका असल्याने, तपासणीत केवळ नोंदवही न पाहता प्रत्येक डॅम्पर प्रत्यक्ष बंद करून पाहावा.