आमदार व्हायचं नाही, आमदारांचा अभ्यास करायचाय

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीएच्या तिसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. आजोबा मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे जुने कार्यकर्ते, त्यामुळे घरात राजकारण सकाळच्या चहाबरोबरच येतं. आता ती म्हणते, मला आमदारांवर संशोधन करायचंय. वडील लिहितात, ‘हे कसलं शिक्षण? आमदार काय करतात ते तिठ्यावर बसलेला कुणीही सांगेल. बीएड करून शाळेत लागली असती तर आम्ही निर्धास्त झालो असतो. यात पोट भरतं का? आणि उद्या आमचा आमदार रागावला तर?’

सप्रेम नमस्कार.

तिठ्यावरचा माणूस बरंच सांगेल, हे मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपची वाट धरली, तेव्हा ते का गेले याची त्याच्याकडे दहा कारणं तयार होती. तुमची मुलगी वेगळंच विचारेल: आठच का? सातांनी का भागलं नाही?

उत्तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे. १९८५ साली पक्षांतरबंदी आली तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि आमदारकी वाचे. २००३ मध्ये ती पळवाट बुजवली. उरला तो विलीनीकरणाचा रस्ता, त्याला दोन तृतीयांश लागतात. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातहून थोडे जास्त, म्हणून आठ. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते, गेले १०. बरोबर दोन तृतीयांश, एकही जास्त नाही. माझ्या मते या कायद्याने फुटणं थांबवलं नाही, फुटायला किती जण लागतात तेवढं ठरवून दिलं. कुणाला हे पटणार नाही. ते पुराव्यानिशी तपासणं, हेच तुमची मुलगी करू पाहतेय.

यासाठी गोव्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. २०२२ च्या निवडणुकीत अकरा लाखांच्या वर मतदार आणि ४० मतदारसंघ, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांच्या आत. शेजारच्या महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. तिथला आमदार चतुर्थीला प्रत्येक वाड्यावर पोचू शकत नाही, इथल्याला पोचावंच लागतं. २०२२ ला सांत आंद्रेत निकाल शंभराहून कमी मतांनी लागला. दोन-चार कुटुंबं रुसली तरी जागा जाते, अशी गाठ असली की माणूस विधानसभेत काय बोलतो, पक्ष का बदलतो, कुठल्या खात्याचा प्रश्न विचारतो, सगळ्यावर तिची सावली पडते. अमेरिकेत रिचर्ड फेनो नावाचे प्राध्यापक १९७० च्या दशकात १८ लोकप्रतिनिधींबरोबर त्यांच्या मतदारसंघांत नुसते हिंडले. प्रतिनिधीला आपला मतदारसंघ कसा दिसतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. तुमच्या वडिलांनी हे बिनपगारी कित्येक वर्षं पाहिलंय. मुलीला सांगा, आजोबांसमोर वही घेऊन बस. फक्त त्यांची मतं टिपू नकोस, प्रसंग टिप.

मतदानाच्या नोंदींवर मात्र आपल्याकडे फारसं उभं राहत नाही. अमेरिकेत कोणत्या सदस्याने कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं यावरून डोंगराएवढं संशोधन झालंय. आपल्याकडे बहुतेक कामकाज आवाजी मतदानाने उरकतं, आणि व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, मोडला तर आमदारकीवर बेतते. म्हणून इथले अभ्यासक प्रश्नांकडे वळतात. तारांकित (उत्तर सभागृहात तोंडी), अतारांकित (उत्तर लेखी), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना): इथे सदस्य आपल्या मनाने काय विचारतो ते कळतं.

तिला आजच सुरू करता येईल असं एक काम सांगतो. गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं मिळतात. २०२२ मध्ये पक्ष बदललेल्या त्या आठजणांचे आधीचे आणि नंतरचे प्रश्न एका तक्त्यात भरायचे: तारीख, खातं, आपल्या मतदारसंघाचा की राज्याचा. बदलाआधी फार अधिवेशनं झालेली नाहीत, त्यामुळे तक्त्याचा तो भाग लहान राहील, तेही तसंच लिहायचं. सत्ताधारी झाल्यावर प्रश्न कमी झाले का? झाले असतील, तर सत्ताधारी बाकावरचे सगळेच कमी विचारतात म्हणून, की हे आठ जास्तच गप्प झाले? जे पुढे मंत्री झाले ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, त्यांना वेगळं काढायचं. दोन महिने हे केल्यावर कंटाळा आला तर समजा, तिला राजकारण आवडतं, संशोधन नाही. त्यातही वाईट काही नाही, पत्रकारिता आहे, कायदा आहे.

आता पोटाचं. एमए गोवा विद्यापीठात होईल, पुणे, हैदराबाद, जेएनयू हेही पर्याय आहेत. पण कुठेही गेली तरी संख्याशास्त्र टाळू नये. राज्यशास्त्रवाले ‘गणित नको’ म्हणून इकडे येतात आणि मग इथेच अडतात. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी एमएला साधारणपणे किमान ५५ टक्के हवेत. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये येतात, त्याला तिशीची अट आहे, राखीव प्रवर्गांना आणि महिलांना सवलत मिळते. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण जागा थोड्या, वाट लांब. नीट स्थिरस्थावर व्हायला तिशी उजाडेल, याची घरात आत्ताच तयारी ठेवा. बीएडची वाट नक्कीच लवकर पगाराला लावते, हे मी नाकारत नाही.

मधला एक रस्ता आहे. दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांना एका खासदाराबरोबर सुमारे वर्षभर काम करायला मिळतं. ते संशोधन नव्हे, खासदारासाठी टिपणं काढायची असतात. पण भटारखाना आतून बघायला मिळतो.

भाषेचं तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. घरात कोंकणी, वाचन मराठीतलं. सभागृहात कोंकणी, मराठी, इंग्रजी सगळं चालतं आणि बाहेरून येणारा अभ्यासक नेमका इथे अडखळतो. पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी मराठी वर्तमानपत्रं चाळली तर १९६३ च्या पहिल्या, तीस जागांच्या विधानसभेपासूनचं वातावरण हाताला लागेल. लिहायचं मात्र इंग्रजीत, ती सवय आतापासून लावावी लागेल.

आमदार रागावेल का? प्रश्न त्यांनी स्वतः सभागृहात विचारलेत, उत्तरं छापील आहेत. ते मोजल्याबद्दल रागवायला जागा नाही. मुलाखती घ्यायची वेळ येईल तेव्हा गोष्ट वेगळी, तेव्हा स्वतःचा मतदारसंघ सोडून सुरुवात करावी. आजोबांचा पक्ष कोणता, हेही प्रबंधात पहिल्या पानावर मोकळेपणाने सांगून टाकावं. डिचोलीत ते तसंही सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं. सोबत तो तक्ता जोडायला सांगा, अर्धवट असला तरी चालेल.