साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन तीन दिवसांत स्टॉकहोम बघून होईल का? बाबागाडी न्यावी का?

बाबागाडी न्याच. स्टॉकहोमच्या बसमध्ये बाबागाडीत मूल असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाला तिकीट पडत नाही. मधल्या दाराने चढायचं आणि तिथल्या मोकळ्या जागेत गाडीला ब्रेक लावायचा. मेट्रोला तिकीट लागतं. ‘एवढा मोठा झालाय, चालेल की’ असं घरचे म्हणतील. सकाळी चालेलही. दुपारी तीनला तो तुमच्या खांद्यावर झोपलेला असेल आणि तुमचा उरलेला दिवस तिथेच संपेल.

‘बघून होईल का’ याचं उत्तर मात्र लांबणार आहे, कारण यावरून आमच्या घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षं तिथे किस्ता या उपनगरात राहत होतो. २०१८च्या जूनमध्ये नाशिकहून दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली. दादा निघतानाच यादी करून आला होता, कोणत्या दिवशी किती वाजता काय बघायचं ते सगळं त्यात होतं. तिसऱ्या दिवशी गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. दुपारी सव्वाबाराला राजवाड्यासमोर पहारा बदलतो, तो चुकवायचा नाही असं ठरलं. हाताशी वेळ होता, म्हणून मीच म्हटलं, राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात एक छोटा पुतळा आहे, तेवढा बघून घेऊ.

पुतळा पंधरा सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. लिस एरिक्सन या शिल्पकाराने घडवलेला लोखंडी मुलगा, १९६७ पासून तिथे बसलाय. गुडघे पोटाशी घेतलेत आणि मान वर करून चंद्राकडे बघतोय. येणारे-जाणारे डोक्यावरून हात फिरवतात, त्यामुळे टाळू घासून गुळगुळीत झालीय. पुढ्यात लोक नाणी ठेवतात.

आमची लेक तेव्हा सव्वातीन वर्षांची. तीन दिवस तिला आम्ही जे जे दाखवलं ते सगळं मान वर करून बघायचं होतं. तिच्यापेक्षा लहान असं पहिल्यांदाच काहीतरी भेटलं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. ‘बाळाची आई कुठेय?’ झालं, ‘बाळाला थंडी वाजत नाही?’ झालं. मग खिशातली राजगिऱ्याची वडी काढली, मोडून अर्धी त्याच्या पायाशी ठेवली. बारा वाजून गेले. दादा म्हणाला, चला. ती म्हणाली, ‘बाळाचं खाऊन होऊ दे.’

मी थांबलो. दादा म्हणाला, ‘आता पोरं ठरवणार का आपण काय बघायचं?’ आणि सगळ्यांना घेऊन गेला. माझी बायकोही त्यांच्याबरोबर गेली, ते मला तेव्हा लागलं होतं. बँडचा आवाज आम्हाला अंगणात ऐकू येत होता. आम्ही दोघं तिथे आणखी अर्धा-पाऊण तास बसलो.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, दादा हा किस्सा काढतोच. एवढे पैसे घालून गेलो आणि याने पोरीपायी सगळ्यांचा एकत्र फोटोसुद्धा होऊ दिला नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. तीन वर्षांचं मूल अशा वेळी हट्ट करत नसतं, ते बघत असतं. मुलाला फरफटत बारा ठिकाणं करायची असतील तर त्याला नेऊच नये, आजीकडे ठेवावं.

त्यामुळे दिवसाला एकच ठिकाण धरा. एक दिवस वासा संग्रहालय: १६२८ साली पहिल्याच फेरीत जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडालेलं जहाज ३३३ वर्षांनी वर काढलं, ते अख्खं आत उभं आहे. लहान मुलांना तिकीट नाही. आत अंधार असतो, मूल घाबरत असेल तर कडेवर घ्या. दुसरा दिवस स्कान्सेन, म्हणजे उघड्यावरचं संग्रहालय. तिथे अस्वलं आणि एल्क आहेत, जुनी लाकडी घरं आहेत, दिवस कसा जातो कळत नाही. दोन्ही युरगोर्डन बेटावर आहेत. तिथे स्लुसेनहून बोटीने जा, बसचंच तिकीट चालतं आणि मुलांना बोटच सगळ्यात आवडते. तिसरा दिवस मोकळा ठेवा.

एक सांगायचं राहिलं. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, लहान चाकांची गाडी तिथे खडखडते. मोर्टेन त्रोत्सिग नावाची जी प्रसिद्ध गल्ली आहे तिथे छत्तीस पायऱ्या आहेत आणि एका ठिकाणी रुंदी नव्वद सेंटिमीटर, तिथे गाडी न्यायच्या फंदात पडू नका. आणि मी लिहिलंय ते उन्हाळ्याचं. डिसेंबरात पावणेतीन-तीनलाच सूर्य मावळतो, बाहेरचं जे काही असेल ते सकाळीच उरका.

थंडीत त्या लोखंडी मुलाला कुणी ना कुणी विणलेली टोपी घालून जातं. लेकीने आजीला फोनवर बाळाला थंडी वाजते म्हणून सांगितलं होतं, तर माझ्या आईने नाशिकहून लिंबाएवढ्या डोक्याची पिवळी टोपी विणून पाठवली. डिसेंबरात आम्ही घेऊन गेलो तर त्याच्या डोक्यावर आधीच एक लाल टोपी होती. लेकीने जरा विचार केला आणि आमची टोपी त्याच्या गुडघ्यांवर पांघरली.