पियानोचा भाव आणि विमानाची तारीख

ताई, ऑगस्टमध्ये म्युनिकला निघायचंय, कोथरूडच्या घरात दोन वर्षं वापरलेला उभा पियानो आहे, घेतला साडेचार लाखांना आणि सोसायटीतले काका दोन लाखांच्या वर सरकत नाहीत. विकू की सोबत नेऊ, असं तुम्ही विचारलंय.

विका. व्हिसा, कस्टम वगैरे दूतावासाच्या पानावर आहे, ते मी उगाळत नाही. सव्वादोनशे किलोचं ते धूड समुद्रमार्गे नेलंत तरी तिथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकायची भीती. शिवाय तिकडे जुने पियानो स्वस्तात मिळतात, ‘उचलून न्या’ म्हणून फुकटही देतात. दुकानातून भाड्यानेही घेता येतो.

काकांना तुमची तारीख कळली आहे का? कळली असेल तर भाव तेच ठरवणार. आम्ही निघालो तेव्हा आमच्या पियानोच्या गिऱ्हाइकाने सेंडऑफच्या आदल्या दिवसापर्यंत ‘घरी विचारून सांगतो’ चालवलं आणि मग निम्म्याचाही निम्मा आकडा टाकला. पुण्यात घासाघीस म्हणजे कोण जास्त वेळ गप्प बसतो याची स्पर्धा, आणि निघणाऱ्याकडे वेळ नसतो.

म्हणून जूनच्या आत उरका. पावसाळ्यात हवा दमट झाली की पट्ट्या अडकायला लागतात आणि गिऱ्हाईक त्यालाच ‘बिघाड’ म्हणतं. आधी ट्यूनिंग करून पावती ठेवा. मधला ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झला लागतोय हे मोबाइलवर समोरच दाखवा. झाकण उघडून सीरियल नंबर दाखवला की ‘किती जुना’ हा वाद मिटतो. हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे खोल चरे नसतील तर तेही दाखवा, तो कमी वापराचा पुरावा. स्टूल भावात धरा. हलवायचा खर्च आणि नव्या घरी पोचल्यावरचं ट्यूनिंग घेणाऱ्याचं, हे पहिल्याच बोलण्यात सांगा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामात जातो.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐका. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तरच थेट गिम्नॅझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिथे १ म्हणजे उत्तम. माझ्या मुलीला गणितात २, बाकी दोन्हींत ३. बाई म्हणाल्या, घरी मराठी बोलू नका. दीड वर्षात नवी भाषा शिकलेल्या दहा वर्षांच्या पोरीबद्दल हे ऐकून मी मान डोलावून आलो, आणि अजूनही अंघोळ करताना त्या बाईंना उत्तरं देतो. त्या वर्षी मुलीने पियानोचा विषयच काढला नाही. पुण्यात पियानोच्या परीक्षांत चौथ्या ग्रेडपर्यंत पोचली होती ती. तिकडे संगीतशाळेची प्रतीक्षायादी हलेपर्यंत तिला बास्केटबॉल आवडायला लागला. बरंच झालं, असं मी बायकोला सांगतो.

आमचा पियानो घेतलेल्या माणसाच्या घरी कोणीच वाजवत नाही, त्यावर फोटोफ्रेम मांडल्यात असं कळलं. पैशांपेक्षा तेच जास्त लागलं. पुण्यात आलो की त्यांच्याकडे चहाला जायचं टाळतो.

तेव्हा काकांना पावणेतीन सांगा आणि गप्प बसा. दरम्यान कॅम्पातल्या पियानोच्या शिक्षकांकडे शब्द टाकून ठेवा. शिकणारं मूल असलेलं घर मिळालं तर सव्वादोनलाही द्या. काकांना मात्र अडीचच्या खाली नाही.