पाऊलखूण किलोत कशी मोजायची?

प्रश्न असा आला आहे: 'कार्बन फूटप्रिंट'ला कुठे 'कार्बन पदचिन्ह' म्हटलेले दिसते, कुठे 'कर्ब पाऊलखुणा'. आपल्या रोजच्या वापरातून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंच्या उत्सर्जनाबद्दल लिहिताना यातला कोणता शब्द घ्यावा? आणि तो 'मोजणे' म्हणणे बरोबर आहे का?

मी दोन्ही टाळीन. मराठीत पाऊलखुणा उमटतात, बुजतात, पुसल्या जातात. त्या कमी होत नाहीत आणि किलोत तर मुळीच भरत नाहीत. शिवाय पाऊलखुणांवरून चालायचे ते थोरांच्या. 'ठसा' घ्यावा तर तोही कर्तृत्वाचा उमटतो. ज्या गोष्टीची काळजी वाटायला हवी, तिला गौरवाचा शब्द देणे मला पटत नाही.

इंग्रजीत हा शब्द जागेच्या अर्थाने आला. एखादी वस्तू जमिनीवर जेवढी जागा व्यापते, तो तिचा फूटप्रिंट. कॅनडातील विल्यम रीस यांनी १९९२ साली आणि पुढे त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी 'इकॉलॉजिकल फूटप्रिंट'ची मांडणी केली, तिचे माप हेक्टरच होते: आपल्या गरजा भागवायला किती जमीन आणि पाणी लागते? तिथे पायाखाली खरोखरच जमीन होती. कार्बनला जोडल्यावर शब्द तोच राहिला, माप मात्र किलो आणि टन झाले. २००० नंतरच्या दशकात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींनी तो सर्वतोमुखी केला.

म्हणून मला 'कर्बभार' जवळचा वाटतो. भार वाढतो, घटतो, हलका होतो, दुसऱ्यावर पडतो. या विषयात लागणारी सगळी क्रियापदे त्याच्यापाशी तयार आहेत. 'कर्ब'ही परका नाही, जमिनीतल्या 'सेंद्रिय कर्बा'मुळे तो चांगला रुळला आहे.

एक मात्र जपावे. कर्बभार म्हणजे नुसत्या कर्बाचे वजन नव्हे. १ किलो कर्ब पूर्ण जळताना हवेतला प्राणवायू घेतो आणि सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्यामुळेच पाऊण किलोच्या आसपास भरणाऱ्या १ लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो वायू निघतो. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी आकडेमोड दोनदा करून पाहिली होती! मिथेनसारखे इतर वायूही त्यांच्या तापवण्याच्या क्षमतेनुसार याच हिशोबात आणले जातात. तेव्हा एकदा तरी 'किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य' असे पूर्ण लिहावे.

'मोजणे' चुकीचे नाही, पण 'काढणे' अधिक नेमके. इथे कुणी काटा लावत नाही. सरासरी किंवा क्षेत्रफळ काढावे तसा वापराला उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे एका लिटरमागे किंवा एककामागे किती वायू निघतो त्या आकड्याने, गुणून कर्बभार काढतात. आठवड्याला ५ लिटर पेट्रोल जाळले, तर त्यापुरता ११.५ किलो, त्यातले २ लिटर वाचवले, की भार ४.६ किलोंनी उतरला.

'वैयक्तिक'च्या जागी 'दरडोई' घालू नये. दरडोई आकडा देशाच्या बेरजेला लोकसंख्येने भागून येतो. त्यात विमानाने सतत फिरणारा आणि कधीच विमानात न बसलेला, दोघांच्या नावे सारखाच भार लागतो. स्वतःच्या वापरातून काढला, तरच तो वैयक्तिक कर्बभार.