आतड्यात अर्धवट अडथळा असताना काय खावं?
डॉक्टरांनी तोंडाने खायची परवानगी दिली असेल, तरच हे. आतडं अरुंद झालेलं असतं, त्यामुळे न पचणारा चोथा तिथे अडकतो. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, साल-बिया काढून शिजवून घोटलेला दुधी, मऊ उकडलेलं अंडं, ताक हे सहसा चालतं. दिवसातून 5-6 वेळा, दर वेळी जेमतेम वाटीभर, अगदी बारीक चावून. शेवग्याच्या शेंगा, गवार, मक्याचं कणीस, पेरू, संत्र्याच्या फोडी, सुकं खोबरं पूर्ण बंद. बद्धकोष्ठ समजून इसबगोल तर मुळीच घेऊ नका. ते पाण्यात फुगतं आणि उरलेली वाटही बुजवू शकतं. उलट्या झाल्या, पोट फुगलं किंवा वायूही सरेनासा झाला, तर खाणं थांबवून लगेच रुग्णालय गाठा.